चौदा की वीस?

आठवीच्या वर्गावर मी एकदा दोन कॅल्क्युलेटर घेऊन गेले. एक वाण्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी असतो तसला साधा, दुसरा मोबाइलमधला. दोन मुलींना पुढे बोलावलं आणि दोघींनाही एकच उदाहरण सांगितलं : दोन अधिक तीन गुणिले चार. ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने बटणं दाबायची आणि शेवटी ‘बरोबर’चं चिन्ह. साध्या कॅल्क्युलेटरवर २० आले, मोबाइलवर १४.

मग जो गलका झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. एका मुलाने जाहीर करून टाकलं की साधा कॅल्क्युलेटर बिघडलाय. दुसरा म्हणाला, “बाई, सेल उतरले असतील.” मागच्या बाकावरून कुणीतरी ‘कंचेभागुबेव’ असं ओरडलं आणि वाद जरा मार्गावर आला. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम सगळ्यांनीच कधीतरी पाठ केलेला असतो. त्या क्रमाने आधी तीन चोक बारा, मग त्यात दोन मिळवायचे, म्हणजे १४. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर सगळी ओळ वाचून मग हिशेब करतो, आणि हा नियम त्याला शिकवून ठेवलेला आहे. साध्याला तो शिकवलेला नाही. गुणाकाराचं बटण दाबलं की तोवरची दोन आणि तीनची बेरीज तो उरकून टाकतो आणि आलेल्या पाचाला चाराने गुणतो. दोन्ही यंत्रं धडधाकट होती. ज्याला जेवढं शिकवलं होतं तेवढं त्याने केलं.

खरी गोष्ट सांगितली ती एका दुकानदाराच्या मुलीने. ती म्हणाली, “आमचे बाबा असं दाबतच नाहीत. दोन रुपयांची पेन्सिल आणि चार-चार रुपयांची तीन खोडरबरं असतील तर ते आधी तीन गुणिले चार करतात, मग दोन मिळवतात.” म्हणजे नियम त्या यंत्रात नव्हता, तो तिच्या वडिलांच्या बोटांत होता.

गणिताच्या वर्गात तंत्रज्ञानाचा अर्थपूर्ण वापर कसा करावा, या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा मला आधी हाच तास आठवला. कारण या विषयावर बोलणारे बहुतेक लोक दोन तटांत उभे असतात. एका तटावरचे म्हणतात, यंत्र वर्गात आलं की मुलांची बुद्धी गंजते. दुसऱ्या तटावरचे म्हणतात, फळा-खडूचा जमाना गेला, पडदा लावा, प्रोजेक्टर लावा, मुलं आपोआप शिकतील. दोन्हींकडे यंत्राचीच चर्चा असते. यंत्रासमोर बसलेल्या मुलाला आपण नेमका कोणता प्रश्न विचारला, हे कुणी सांगत नाही.

तसं पाहिलं तर गणित शिकताना युक्तीची किंवा साधनाची मदत घेणं हे काही आजचं नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकली ती रुपये-आणे-पैचा आणि शेर-पायलीचा व्यवहार तोंडी उरकावा म्हणून. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनं-मापं आली आणि त्या पाढ्यांचं रोजचं काम संपलं. नंतरच्या पिढ्यांनी लॉगची कोष्टकं वापरली. मोठमोठे गुणाकार बेरजेवर आणणारी ती एक थोर युक्ती होती, पण कॅल्क्युलेटर आला आणि ती पुस्तिका कपाटात गेली. प्रत्येक वेळी कुणीतरी हळहळलंच. ती हळहळ अगदी खोटी होती असंही नाही, साडेतीन अडीचे किती हे पटकन तोंडी सांगणारा माणूस आता शोधावा लागतो. पण लॉगची कोष्टकं गेली म्हणून गणिताचं काही बिघडलं, असं मला तरी वाटत नाही.

बिघडतं ते दुसरीकडेच. माझीच चूक सांगते. वर्गात पडदा आणि प्रोजेक्टर पहिल्यांदा आला तेव्हा मी मोठ्या हौसेने पायथागोरसच्या प्रमेयाची चित्रफीत दाखवली होती. काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर तीन चपट्या चौरस पेट्या. कर्णावरच्या पेटीत निळं पाणी भरलेलं. चक्र फिरतं, पाणी खाली उतरतं आणि उरलेल्या दोन्ही पेट्या काठोकाठ भरतात. थेंबभर जास्त नाही, थेंबभर कमी नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं. आठवड्याने मी विचारलं, कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका का असतो? एका हुशार मुलाने आत्मविश्वासाने सांगितलं, “बाई, पाणी बरोबर मावतं म्हणून.”

त्याचं काय चुकलं? मी त्याला जे दाखवलं तेच त्याने कारण म्हणून सांगितलं. त्या एका त्रिकोणात पाणी मावलं, ते प्रत्येक काटकोन त्रिकोणात का मावावं हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. चित्रफितीत मुलाला काही करायला नव्हतं, काही बदलायला नव्हतं आणि आपला अंदाज चुकण्याची संधीही नव्हती. फळ्यावर मी स्वतः सिद्धता लिहून तो तास घेतला असता आणि मुलांनी ती नुसती उतरवून घेतली असती, तर त्याहून फार वेगळं काही घडलं नसतं. फरक एवढाच की टाळ्या वाजल्या नसत्या.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. यंत्र सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, आणि तोही पेनाने. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज उत्तर दिसल्यावर हळूच बदलतो, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला असेल.

आता एक साधा आठ अंकी कॅल्क्युलेटर घेऊन काय करता येतं ते पाहू या. कागद-पेन्सिल जवळ असेल तर सोबत करून बघा. एकाला सातने भागलं तर पडद्यावर ०.१४२८५७१ येतं. दोनाला सातने भागलं की ०.२८५७१४२. तिनाला भागलं की ०.४२८५७१४. दोन-तीन उत्तरं झाली की मुलांच्या लक्षात येतं की तेच सहा अंक, १४२८५७, गोल फेर धरून फिरताहेत, फक्त सुरुवात बदलते. चारला, पाचला, सहाला काय येईल ते मुलं आता बटण न दाबता सांगतात आणि मग दाबून पाहतात. इथपर्यंत सगळे खूश असतात.

मग मी सांगते, एकाला सतराने भागा. पडद्यावर येतं ०.०५८८२३५. अंक परत येताना दिसत नाहीत. एक गट म्हणतो, येणारच नाहीत. दुसरा म्हणतो, येतील, पण पडदा अपुरा आहे. दोघांकडेही आपलं म्हणणं पटवून द्यायला यंत्र नाही, कारण यंत्राचा पडदा सात दशांश स्थळांवर संपला. आता मात्र पाचवीतला तो कंटाळवाणा लांबलचक भागाकार कामाला येतो. सतराने भागताना बाकी काय काय उरू शकते? एक ते सोळा यांपैकीच काहीतरी. शून्य उरली तर भागाकार संपला, पण इथे तो संपत नाही, कारण दहाच्या कुठल्याच घाताला सतराने पूर्ण भाग जात नाही. मग सोळाच बाक्या शक्य असतील, तर सतराव्या पायरीपर्यंत आधी येऊन गेलेली एखादी बाकी पुन्हा यायलाच हवी. आणि बाकी पुन्हा आली की पुढचे सगळे अंक पुन्हा तसेच येणार. म्हणजे अंक परत येतात, हे पडद्यावर न दिसताही ठामपणे सांगता आलं.

आणि ते अंक कोणते हेही त्याच तोकड्या यंत्राकडून काढून घेता येतं. पडद्यावरचे सात अंक ०५८८२३५ घ्या आणि सतराने गुणा. येतात ९९,९९,९९५. एक कोटीला पाच कमी पडले. ती पाच म्हणजे सात पायऱ्यांनंतरची बाकी. मग पुढचे अंक मिळवायला पाचला सतराने भागा : ०.२९४११७६. पुन्हा तेच, २९४११७६ गुणिले १७ म्हणजे ४,९९,९९,९९२, पाच कोटींना आठ कमी. आठला सतराने भागा : ०.४७०५८८२. यातले ४७ नवे, आणि त्यानंतर ०५८८२ हे सुरुवातीचे अंक परत आले. एक भागिले सतराचा पूर्ण फेरा हाती लागला : ०५८८२३५२९४११७६४७, बरोबर सोळा अंक.

हा तास मी मोबाइलवर घेत नाही, मुद्दाम. मोबाइलवर अंक जास्त दिसतात, मग कुणाला विचार करावासा वाटत नाही. दुकानातला स्वस्त कॅल्क्युलेटर जिथे थांबतो तिथून मुलांचं गणित सुरू होतं. महागडं यंत्र नेहमी चांगलं शिकवतं, असं समजून शाळांसाठी खरेदी करणाऱ्यांनी याचा विचार करायला हरकत नाही.

भूमितीत मात्र संगणकाने जे दिलं ते खडूने कधीच देता आलं नसतं. जिओजेब्रा नावाची एक संगणकप्रणाली आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ती रचायला घेतली. शाळेला ती फुकट वापरता येते. तिच्यात काढलेली आकृती हलते, हे तिचं वैशिष्ट्य. त्रिकोणाचा एक कोपरा माऊसने धरून ओढला की सगळी आकृती त्याच्याबरोबर ओढली जाते.

वर्गात संगणक एकच असेल तरी चालतं. माऊस एका मुलाकडे, बाकीच्यांनी ‘वर ने’, ‘डावीकडे ओढ’ असं सांगायचं. पडद्यावर एक वाकडातिकडा चौकोन काढायचा, चारही बाजूंचे मध्यबिंदू घ्यायचे आणि ते क्रमाने जोडायचे. आत एक छोटा चौकोन तयार होतो. बाहेरचा चौकोन कसाही असला तरी आतला समांतरभुज चौकोन दिसतो. मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत आणि चौकोनाची मोडतोड सुरू होते. एक कोपरा आत ढकलून त्याचा बाण करतात. बाजू एकमेकींना छेदतील असा पीळ देतात. आतला मात्र समांतरभुजच राहतो. फ्रेंच गणिती पिएर व्हारिन्यों यांचं हे प्रमेय त्यांच्या मृत्यूनंतर १७३१ साली प्रसिद्ध झालं. एवढ्या सोप्या गोष्टीकडे युक्लिडनंतर दोन हजार वर्षं कुणाचं लक्ष गेलं नसेल, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता खरा प्रश्न : का? कोपरा शंभर वेळा ओढला तरी याचं उत्तर पडद्यावर उमटत नाही. ते एका रेघेत आहे, आणि ती रेघ मुलांनाच सुचावी म्हणून थांबावं लागतं. बाहेरच्या चौकोनाचा एक कर्ण काढा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडले तर ती रेघ तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मी असते, हे नववीत शिकलेलं आहे. इथे दोन्ही त्रिकोणांची तिसरी बाजू एकच, तो कर्ण. म्हणून आतल्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू त्या एकाच कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या. झाला समांतरभुज.

कारण हाती आलं की खेळ आणखी रंगतो. आतला चौकोन समभुज हवा असेल तर बाहेरचा कसा घ्यायचा? वह्यांत पेनाने लिहिलेला अंदाज बहुतेक एकच असतो : बाहेरचाही समभुज. करून पाहिलं की आत येतो आयत. आणि बाहेर आयत घेतला की आत समभुज! हे उलटंपालटं का होतं ते आता कर्णांकडे पाहून मुलंच सांगतात. आयताचे कर्ण सारखे, म्हणून आतल्या चारही बाजू सारख्या. समभुज चौकोनाचे कर्ण काटकोनात, म्हणून आतले कोन काटकोन.

या प्रणालीने मला आणखी एक गोष्ट फार सोपी करून दिली. काही मुलं चौरस काढताना डोळ्यांच्या अंदाजाने चार बिंदू ठेवतात. दिसायला उत्तम चौरस. कोपरा जरा ओढला की त्याची कणिक होते. ज्याने लंब काढून, वर्तुळाने लांबी उचलून चौरस रचला असेल त्याचा कोपरा कितीही ओढा, तो लहान होईल, मोठा होईल, फिरेल, पण चौरसच राहील. दिसणं आणि असणं यांतला हा फरक समजावून सांगण्यात मी पूर्वी किती खडू झिजवले असतील! आता मी बोलतच नाही. “ओढून बघ,” एवढंच म्हणते.

पण इतकं सगळं डोळ्यांना दिसू लागलं की एक नवाच धोका निर्माण होतो. मुलांना वाटतं, पाहिलं म्हणजे सिद्ध झालं. त्यावर उतारा म्हणून मी संगणकावर एक तक्ता करायला देते. एका रकान्यात शून्यापासून संख्या लिहायच्या, शेजारी त्या संख्येला तिच्या पुढच्या संख्येने गुणून ४१ मिळवायचे. शून्य गुणिले एक अधिक ४१ म्हणजे ४१. एक गुणिले दोन अधिक ४१ म्हणजे ४३. मग ४७, ५३, ६१, ७१. सगळ्या मूळसंख्या. १७७२ साली ऑयलर यांनी हे दाखवलं होतं. मुलं दहा पाहतात, वीस पाहतात, आणि नियम लिहायला पेन उचलतात. तीसपर्यंत गेलं तरी मूळसंख्याच, एकोणचाळीसपर्यंतही मूळसंख्याच. एकदा या तासाला एक अबोल मुलगी तक्ता न पाहता म्हणाली, “पण बाई, चाळीसला तुटणार.” कसं? चाळीस गुणिले ४१, अधिक ४१, म्हणजे ४१ गुणिले ४१. तक्ता अजून तिथपर्यंत पोचलाही नव्हता.

याच ऑयलर यांनी १७६९ साली एक तर्क मांडला होता. त्याच्यानुसार चार संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज ही आणखी एखाद्या संख्येचा पाचवा घात असू शकत नाही. जवळजवळ दोनशे वर्षं तो टिकला. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी त्या काळच्या सीडीसी ६६०० या महासंगणकाला शोधायला लावलं आणि त्याला एक उदाहरण सापडलं : २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज १४४ च्या पाचव्या घाताइतकी, ६१,९१,७३,६४,२२४ भरते. त्यांचा शोधनिबंध अवघ्या दोन वाक्यांचा आहे. आठ अंकी कॅल्क्युलेटरला हे झेपत नाही, पण सुट्टीत दोन मुलांनी हाताने गुणाकार करून ते पडताळलं होतं.

यंत्राचा नकार पक्का असतो, कारण नियम मोडायला एकच उदाहरण पुरतं. त्याचा होकार मात्र कितीही वेळा मिळाला तरी कच्चाच. मुलांना एवढं उमगलं तरी संगणकावरचा सगळा खर्च वसूल झाला, असं मी मानते.

आता ज्याची चर्चा घरोघरी चालते त्या मोबाइलबद्दल. वहीतल्या समीकरणावर कॅमेरा धरला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी अॅप्स २०१४ पासून आहेत. २०२२ च्या अखेरीपासून तर शाब्दिक उदाहरण टाइप केलं तरी सविस्तर उत्तर लिहून देणारी साधनं आली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्याकडे मुलं वह्यांचे फोटो पाठवायची. उत्तरं बरोबर, अक्षर सुरेख. पण कुठे अडखळला, काय खोडलं, कोणत्या पायरीवर शेजाऱ्याकडे पाहिलं, हे फोटोत दिसत नाही. शिवाय ज्या घरात एकच मोबाइल आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्या घरातल्या मुलाचा फोटो रात्री दहाला यायचा, किंवा यायचाच नाही. त्या दिवसांत शिकवण्याची धडपड सगळ्यांनीच केली, तिला नावं ठेवायची नाहीत. पण यंत्र घरात असणं आणि मुलाच्या हातात असणं यांतलं अंतर तेव्हा नीट कळलं.

गृहपाठाचा जुना साचा आता चालणार नाही, हे आम्ही शिक्षकांनी कबूल करायला हवं. ‘समीकरण सोडवा’ एवढंच सांगितलं तर ते मोबाइल सोडवणार. मी हल्ली सोडवलेलं उदाहरणच देते, मोबाइलने दिलं तसंच्या तसं, आणि विचारते की तिसऱ्या पायरीत दोन्ही बाजूंना कशाने भागलं, आणि ती संख्या शून्य असती तर काय झालं असतं? उत्तर वर्गात उभं राहून द्यायचं, दोन मिनिटांत. तेही मोबाइलला विचारून पाठ करून येतील, असं कुणी म्हणेल. येऊ देत. पुढचा प्रश्न मी त्यांच्या उत्तरातूनच काढते. यात साठ मुलांच्या वर्गात वेळ फार जातो, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे तोडगा नाही. शिवाय दहावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा हाताने हिशेब करण्याचा सराव सोडूनही चालत नाही. दोन्ही गोष्टी ओढूनताणून बसवाव्या लागतात.

शेवटी देवळालीच्या एका शिक्षकांची गोष्ट. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, मृत्यू १९८६. सगळा जन्म त्यांनी शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळ केला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. मध्ये उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. त्याचं काय? ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात कापरेकरांवर लिहिलं आणि जगाला त्यांची ओळख झाली. त्यांच्याकडे ना संगणक होता, ना कॅल्क्युलेटर.

आज संगणक सगळ्या संख्या तपासू शकतो. एक हजार ते ९,९९९ मधून सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या तर उरतात ८,९९१. पापणी लवायच्या आत काम होतं. आणि इथे मात्र यंत्राचा होकार पक्का आहे बरं का, कारण संख्या मोजक्या आहेत आणि एकही सुटलेली नाही. तरीही मी वर्गात विचारते, एवढ्या सगळ्या तपासायला हव्यात का? उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानले आणि वजाबाकी मांडली, तर उत्तर येतं ९९९ गुणिले अ आणि ड मधला फरक, अधिक ९० गुणिले ब आणि क मधला फरक. म्हणजे मूळ संख्या कोणतीही असो, उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक एक ते नऊ, दुसरा शून्यापासून जास्तीत जास्त पहिल्याएवढा. अशा जोड्या किती? मोजून पाहा, ५४. आमच्या वर्गाच्या पटावर त्या वर्षी ५६ मुलं होती. दोघं गैरहजर. प्रत्येकाला एक जोडी दिली आणि तासाभरात ८,९९१ संख्यांचा निकाल लागला, वीज नसताना.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा संगणकाच्या खोलीतून पळत आला. त्याने पाच अंकी संख्यांसाठी छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता : एकच संख्या लागोपाठ दोनदा आली की थांब. “बाई, कॉम्प्युटर हँग झाला. थांबतच नाही.” मी म्हटलं, बंद कर आणि कागदावर कर. त्याने ५३९५५ घेतली. ९५५५३ वजा ३५५५९, आले ५९९९४. मग ९९९५४ वजा ४५९९९. उत्तर लिहून तो काही वेळ कागदाकडे पाहत राहिला. आले होते ५३९५५.

“बाई,” तो म्हणाला, “तो हँग नव्हता झाला.”